पांझरेकाठचे हिवाळी कॅक्टस: जून ते फेब्रुवारीच्या नोंदी

11 जून

मृग लागला, पाऊस मात्र नाशिकच्या अलीकडे सरकलेला नाही. तेवढ्यात छत उरकून घ्यायचं. काकांची मिरचीच्या रोपांची शेडनेट रिकामीच पडून आहे. तिचा पूर्वेकडचा गाळा, 6 मीटर बाय 10 मीटर, माझ्या ताब्यात आला. जीआय पाइपचा सांगाडा दणकट आहे. वर 200 मायक्रॉनची यूव्ही प्लास्टिक फिल्म टाकली, प्रोफाइल चॅनलमध्ये झिगझॅग स्प्रिंग दाबून घट्ट केली. जुनी 50 टक्क्यांची हिरवी जाळी फेकली नाही. फिल्मच्या खाली दीड फुटावर तारांवर अशी लावली की हवी तेव्हा ओढावी, नको तेव्हा सारावी. बाजूंना 40 मेशची कीटकजाळी आणि गुंडाळता येणारे पडदे. पडदे नोव्हेंबरपर्यंत वरच राहतील.

जिभाऊ बांधावरून बघत होते. म्हणाले, "धुयामा आधीच भट्टी शे, तठे काचनं घर कसाले रे भाऊ?"

प्रश्न रास्तच आहे. युरोपात ग्रीनहाऊस बांधतात ते थंडीपासून झाड राखायला. इथे मला ऊब नकोच आहे. मला कोरडं छत हवंय. कॅक्टस धुळ्याच्या मे महिन्यात मरत नाही, तो मरतो ऑगस्टच्या झडीत आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात. आणि जे कॅक्टस हिवाळ्यात फुलतात त्यांच्या कळ्या नेमक्या याच दिवसांत ठरतात.

बांधावरचा शेर आणि त्रिधारी निवडुंग दाखवून "हे तर आपल्याकडे आहेच की" असंही ते म्हणाले. खुरप्याने टोचून दाखवलं, पांढरा चीक आला. ही दोन्ही युफोर्बिया, एरंडाच्या कुळातली. खऱ्या कॅक्टसचे काटे लोकरीच्या बारीक गादीतून निघतात, युफोर्बियाला ती गादी नसते. खरा कॅक्टस म्हणजे नाल्याकडेचा फड्या निवडुंग, तो मूळचा अमेरिकेतला.

23 जून

आजचा अख्खा दिवस माती चाळण्यात गेला. आपली काळी कापसाची जमीन इथे बिलकुल चालत नाही: ओली झाली की हवा कोंडते, वाळली की आकसून मुळं तोडते. दोन वेगळी मिश्रणं केली.

वाळवंटी जातींसाठी चाळलेला मुरूम, क्रशरवरची जाड कच आणि विटांचा चुरा समान, त्यात पाचवा हिस्सा गांडूळखत, वर मूठभर निंबोळी पेंड. कच धुवून घ्यावी लागते, नाहीतर तिची भुकटी कुंडीच्या तळाशी बसून सिमेंटसारखी घट्ट होते. मिश्रण हातात दाबलं की मुठीचा आकार राहता कामा नये.

श्लुम्बर्गेराचा मामला उलटा. हा ख्रिसमस कॅक्टस म्हणून रोपवाटिकांत मिळतो. मूळचा ब्राझीलच्या आग्नेय किनाऱ्यालगतच्या डोंगरांतला, रिओ दे जानेरोच्या आसपासचा. तिथे तो झाडांच्या फांद्यांवर आणि शेवाळलेल्या कातळांवर वाढतो. म्हणजे हा जंगलातला कॅक्टस, वाळवंटाशी त्याचा संबंध नाही. त्याला कोकोपीट, आंब्याच्या पानांचं कुजलेलं खत, विटांचे तुकडे आणि थोडा कोळसा. कोकोपीट आधी दोनदा धुतलं, त्यात मीठ असतं.

पाण्याचं दुखणं वेगळंच. बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, 900 च्या घरात. कुंडीच्या काठावर पांढरी खपली धरते. मॅमिलेरिया प्लुमोझा या वाळवंटी जातीला त्याचं फारसं काही नाही, ती मेक्सिकोत चुनखडीच्या कड्यांवरच वाढते. श्लुम्बर्गेराला मात्र किंचित आंबट माती लागते, या पाण्यावर तो पिवळा पडत जातो. म्हणून गाळ्याच्या दोन्ही अंगांना पन्हळ लावून पावसाचं पाणी टाकीत घेतलं. छप्पर 60 चौरस मीटर आहे, म्हणजे एक मिलिमीटर पाऊस पडला की 60 लिटर. एक चांगला सडाका झाला तरी हिवाळ्याची बेगमी होते.

19 जुलै

झड. फिल्मवर दोन जागी पाण्याचे फुगे धरले, खालून बांबूने उचलून रिकामे केले, पाइपांच्या मधे आडवी तार वाढवली. झाडांना पाणी दहा-बारा दिवसांतून एकदा, तेही सकाळी. बाकी काही नाही.

13 ऑगस्ट

कानबाईचं विसर्जन होऊन पाहुणे गेले, आता गाळ्यात डोकावायला सवड झाली. मॅमिलेरियाच्या खोडाशी पांढरा कापूस दिसला. कापूस पिकवणाऱ्या घरात पिठ्या ढेकूण ओळखायला वेळ लागत नाही. सर्जिकल स्पिरिटमध्ये कान कोरायची काडी बुडवून एकेक टिपला. प्लुमोझावर हे काम जिकिरीचं, कारण तिचे काटे पिसासारखे मऊ आणि दाट असतात, त्यांच्याखाली काय चाललंय ते दिसत नाही. दोन कुंड्या उलटवून मुळं पाहिली. एकीच्या मुळांवरही होता. माती झटकून मुळं धुतली, सावलीत चार दिवस उघडी वाळवली, मग कोरड्या मिश्रणात लावली. कॅक्टसच्या मुळाला जखम असताना पाणी घालणं म्हणजे कुजीला आवतण.

22 सप्टेंबर

आजपासून पुढे रात्र दिवसापेक्षा मोठी होत जाणार. श्लुम्बर्गेरासाठी वर्षातला हाच महत्त्वाचा सांधा.

हे झाड लांब रात्र मोजतं. सलग बारा-तेरा तासांहून मोठा अंधार काही आठवडे मिळाला की पानासारख्या चपट्या खोडाच्या टोकाला कळी धरते. ब्राझीलमध्ये रात्री मोठ्या होतात त्या एप्रिल-मेमध्ये, म्हणून तिथे त्याला मे महिन्याचं फूल म्हणतात. आपल्याकडे तोच हिशोब सहा महिन्यांनी फिरतो. धुळं 21 अक्षांशावर, डिसेंबरातला सर्वांत लहान दिवससुद्धा सुमारे 10 तास 50 मिनिटांचा. लंडनसारखा आठ तासांचा दिवस इथे कधीच होत नाही, तरी श्लुम्बर्गेराला एवढं पुरतं.

दोन कामं केली. एक, प्रत्येक फांदीच्या टोकाची कोवळी, अर्धवट वाढलेली कांडी पिरगाळून काढली. कोवळ्या कांडीवर कळी धरत नाही, जून झालेल्या कांडीवर धरते. टोकं एकसारखी केली की फुलंही एकदम येतात. काढलेल्या कांड्या कोकोपीटमध्ये टोचून ठेवल्या, त्यांची नवी रोपं होतील.

दुसरं काम रस्त्यापलीकडच्या ढाब्याचं. त्यांचा फ्लडलाइट थेट माझ्या पश्चिम बाजूवर येतो आणि पहाटे तीन-साडेतीनपर्यंत चालतो, सुरतकडचे ट्रक तेव्हाच थांबतात. रात्रीच्या मधे असा उजेड पडला की झाडाच्या लेखी रात्र तुटली. ढाबेवाल्या दादांना जाऊन सांगितलं. फुलासाठी अंधार पाहिजे हे ऐकून ते हसले, पण दिवा थोडा खाली वाकवून दिला. तेवढ्याने भागलं नाही, म्हणून पश्चिमेला काळी ताडपत्री सोडली. टोकाच्या खांबाजवळ दोन हँगिंग कुंड्या मात्र मुद्दाम ताडपत्रीबाहेर, उजेडात ठेवल्या. मोटार रिवायंडिंगच्या धंद्यात माणसाला सवय लागते: एक वायर बदलली तर दुसरी तशीच ठेवून बघावं.

9 ऑक्टोबर

ऑक्टोबर हीट. दिवसा 36, रात्री 24-25 च्या खाली पारा उतरत नाही. रात्री मोठ्या झाल्यात, पण श्लुम्बर्गेरा मख्ख. पुस्तकात सप्टेंबरअखेर अंधार द्या म्हणजे नोव्हेंबरात फूल असं असतं, ते थंड मुलखाचं गणित आहे. रात्रीचं तापमान 24 च्या वर राहिलं तर अंधार कितीही मोठा असो, कळी धरत नाही. 15 ते 20 अंशांत ती सर्वांत चांगली धरते. म्हणजे खानदेशात अंधार आधी येऊन उभा राहतो आणि थंडीची वाट बघतो.

दुपारी जाळी ओढून घेतो, चार वाजता सारतो. पडदे पूर्ण वर.

19 ऑक्टोबर

परतीचा पाऊस. संध्याकाळी तासाभरात कपाशीत गुडघाभर पाणी. जिभाऊंची फुटलेली बोंडं भिजली, त्यांच्यासमोर माझ्या कोरड्या कुंड्यांचं कौतुक करवेना.

गाळ्यात एक थेंब नाही. याच पावसासाठी ही फिल्म. बाहेरच्या ओट्यावर ठेवलेला एक साधा मॅमिलेरिया भिजून बुडाशी मऊ लागतोय, आतले टणक आहेत. वाळवंटी जातींचं पाणी आजपासून बंद. एकच अपवाद निओपोर्टेरियाचा. तो चिलीच्या किनारपट्टीचा, तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो. त्याची वाढ आता सुरू होते, म्हणून त्याला पंधरवड्याला एक घोट. हल्ली त्याला एरिओसाइस या वंशात धरतात, पण कुंडीवरची जुनी पाटी मी बदललेली नाही.

ॲरिओकार्पसच्या मधल्या लोकरीत गुलाबी टोक दिसतंय.

29 ऑक्टोबर

दिवाळी तोंडावर आणि ॲरिओकार्पस फिसुरॅटस फुलला. एरवी हे झाड म्हणजे कुंडीत पडलेला खडबडीत दगड, काटा एकही नाही. दहा वाजता ऊन चढलं तसं त्या दगडातून रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठं गर्द गुलाबी फूल उघडलं, चारला मिटलं. तीन-चार दिवस असंच चालेल.

वहिनींनी विचारलं, हे विकायला ठेवणार का? नाही. ही जात टेक्सास आणि उत्तर मेक्सिकोतली, फार सावकाश वाढणारी, आणि जंगलातून उपटून नेणाऱ्यांनी तिला छळलंय. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स करारात जवळपास सगळं कॅक्टस कुळ परिशिष्ट दोनमध्ये आहे, ॲरिओकार्पस मात्र सर्वांत कडक, परिशिष्ट एकमध्ये. माझं रोप बियांपासून वाढवलेलं, ड्रॅगनफ्रूटच्या खोडावर कलम करून मोठं केलेलं आणि मग स्वतःच्या मुळावर उतरवलेलं आहे. बी मिळालं तर तेच रुजवीन. घ्यायचं तर बिलावर लागवडीचं रोप असं लिहिलेलंच घ्यावं, स्वस्त आणि मोठं दिसलं तर संशय धरावा.

7 नोव्हेंबर

किमान 17. गेल्या आठवड्यापासून रात्री 20 च्या खाली आहेत. आता घड्याळ आणि थर्मामीटर दोन्ही जुळले.

21 नोव्हेंबर

ताडपत्रीआडच्या श्लुम्बर्गेरांच्या टोकांना तांबूस दाणे, बाजरीएवढे. चष्मा लावून मोजायचा मोह झाला, आवरला. या अवस्थेत कुंडी फिरवायची नाही, जागा बदलायची नाही, माती पूर्ण वाळू द्यायची नाही. यातलं काहीही झालं की कळ्या टपाटप गळतात. साठवलेलं पावसाचं पाणी आता कामी येतंय.

ढाब्याच्या उजेडातल्या दोन कुंड्यांवर काहीच नाही. टोकं हिरवीगार, उलट एकीवर नवं पान फुटलंय. अंतर दहा फुटांचं, हवा तीच, पाणी तेच.

15 डिसेंबर

पहाटे बाहेर 6 अंश. धुळ्याची थंडी ही अशी, राज्यातल्या सर्वांत कमी तापमानाच्या बातम्यांत आपलं नाव दरवर्षी येतं. काल रात्री आत किती? 7. फक्त एक अंशाचा फरक, पडदे खाली असूनही. साध्या पॉलिथिनमधून जमिनीची उष्णता सरळ वर निघून जाते, निरभ्र रात्री तर फिल्म असून नसल्यासारखी. काच तेवढी उष्णता सोडत नाही. दिवसा आत 32 पर्यंत चढतं आणि रात्री सगळं आकाशाला परत.

म्हणून आज दोन उपाय. रात्री जाळी ओढून घ्यायची. फिल्म आणि झाड यांच्या मधे एक पडदा झाला की झाड थेट थंड छताला सामोरं जात नाही. दुसरं, 200 लिटरची सहा पिंपं काळी रंगवून पाण्याने भरून उत्तर भिंतीला उभी केली, दिवसभर ऊन खायला. हिशोब मांडला: 1200 लिटर पाणी रात्रभरात 5 अंशांनी उतरलं तर सुमारे 7 युनिट उष्णता सोडतं. म्हणजे एक किलोवॉटचा हीटर सात तास, तोही लोडशेडिंगची भीती नसलेला.

वाळवंटी जाती कोरड्या असल्याने 6-7 अंशांना दाद देत नाहीत. मुळाशी ओल असती तर हीच थंडी बाधली असती. श्लुम्बर्गेराला 10 च्या खाली मानवत नाही, पण कळ्या असताना कुंड्या हलवायच्या नाहीत. म्हणून पिंपंच त्यांच्या बुडाशी नेली.

जाळीचा आणखी एक फायदा झाला. पहाटे फिल्मच्या आतून दहिवर साचून थेंब पडत होते, प्लुमोझाच्या दोन डोक्यांवर तपकिरी डाग आलेत. आता थेंब जाळीवर अडतात. सकाळी नऊला पडदे वर करून ओलावा बाहेर काढणं सक्तीचं.

20 डिसेंबर

पहाटे बाहेर 7, आत पिंपांजवळ 10.5, पश्चिमेच्या खांबाजवळ 8.5. पुरे आहे.

28 डिसेंबर

अवकाळी. काल दुपारी अंधारून आलं, गारा पडल्या. फिल्मला दोन भोकं, चिकटपट्टीने बुजवली. शिवारात हरभरा आणि कांद्याची दैना आहे, सगळ्यांच्या तोंडी तोच विषय.

त्यातच श्लुम्बर्गेरा उघडला. आधी पांढरा, मग दोन गुलाबी. फूल सरळ नसतं, मागे दुमडलेल्या पाकळ्यांचे मजले एकावर एक, आणि पराग बाहेर काढून आडवं झुकलेलं. मूळ देशात हमिंगबर्ड त्याचं परागण करतात. आपल्याकडे तो पक्षी नाही; शिंजीर कीटकजाळीला बाहेरून लटकून चोच खुपसायचा प्रयत्न करतोय. जिभाऊंची आई काठी टेकत आली, विचारलं, "फुलं उनात का?" (फुलं आली का?) आणि बघितल्यावर "हाई काटानं झाड नही" असा निकाल देऊन गेली. तिचंही खरं, त्याला काटे नावापुरतेच.

गंमत ढाब्याच्या बाजूला आहे. उजेडातल्या त्या दोन कुंड्यांवर आता तांबूस दाणे आलेत! रात्र तुटत असूनही. कारण थंडी. रात्री 10-13 अंशांपर्यंत उतरल्या की हे झाड दिवस-रात्रीचा हिशोब सोडून देतं आणि नुसत्या गारव्यावर कळी धरतं. नोव्हेंबरअखेर पारा तिथे पोचला, महिन्याभराने दाणे दिसले, गणित बसतं. म्हणजे धुळ्यात उजेडामुळे फूल चुकत नाही, लांबतं. पुण्या-मुंबईच्या गॅलरीत रस्त्याचा दिवा आणि उबदार रात्र दोन्ही असतात, तिथे "पानं भरपूर, फूल नाही" ही तक्रार का येते ते आता नीट कळलं.

12 जानेवारी

संक्रांत जवळ आली, घरी तीळ भाजल्याचा वास. गाळ्यात सकाळी अकरा ते तीन हा सोहळ्याचा वेळ. मॅमिलेरिया प्लुमोझाच्या पांढऱ्या पिसांतून फिकट पांढरी फुलं कडं करून आली आहेत, ऊन नसेल तर उघडत नाहीत. ढगाळ हिवाळ्याच्या देशांत या जातीचं इथेच अडतं, फुलायची वेळ आणि ऊन नसायची वेळ एकच. आपल्याकडे जानेवारीत आठ-नऊ तास लख्ख ऊन. खानदेशाला उन्हाबद्दल कुणी चांगलं म्हणत नाही, पण हे ऊन विकत मिळत नाही. सकाळी साडेआठलाच जाळी पूर्ण सारतो, एक किरणही अडवायचा नाही.

निओपोर्टेरिया चमकदार गुलाबी, पाकळ्यांची आतली रांग उघडतच नाही, बाहेरच्याच मागे वळतात. हेही हमिंगबर्डचं फूल.

2 फेब्रुवारी

उजेडातले दोन श्लुम्बर्गेरा आज उघडले, ताडपत्रीआडचे संपून पंधरवडा होत आला. पुढच्या वर्षी अर्ध्या कुंड्या मुद्दाम ढाब्याकडे ठेवीन. डिसेंबरची आणि फेब्रुवारीची अशा दोन तुकड्या निघतील, काळं कापड आणि खर्च दोन्ही वाचेल. ढाबेवाल्या दादांना एक फुललेली कुंडी देऊन आलो, त्यांनी ती गल्ल्यावर ठेवलीय, थेट ट्यूबलाइटखाली. आता फुलं आलीच आहेत, चालेल.

स्टेनोकॅक्टसच्या शेंड्यावर जांभळ्या रेघांच्या कळ्या. हिवाळ्याचा शेवटचा हाच. ॲरिओकार्पसचं बी धरलेलं नाही, एकट्या झाडावर ते बहुधा धरतही नाही. दुसरं रोप शोधायला हवं.

पुढची कामं: महिनाअखेर पिंपं रिकामी करून सावलीत. मार्चमध्ये फिल्मवर चुन्याचा हात. एप्रिलपासून पाणी जवळपास बंद, कारण कॅक्टस रंध्रं रात्री उघडतो आणि रात्रच 28-30 अंशांची झाली की तीही मिटून बसतो, मुळाशी पाणी नुसतं सडतं. श्लुम्बर्गेरा आंब्याखाली हलवायचे, त्यांना मात्र दर तिसऱ्या दिवशी पाण्याचा हबका. गारांनी भोकं पडलेला फिल्मचा पट्टा मेअखेर बदलायचा, मृगाच्या आत.